दूतावास ‘त्यांची जमीन’ नसते

एक संदेश सध्या खूप फिरतोय: ‘दूतावास म्हणजे त्या देशाचीच जमीन. हल्ला झाला तर त्यांचं त्यांनी बघावं. दूतांना सगळे गुन्हे माफ असतात. आणि संरक्षणाचे करार म्हणजे नुसते कागद.’

जमिनीपासून सुरू करू. दूतावासाखालची जमीन यजमान देशाचीच असते, तिथला कायदाही त्याचाच. फक्त पोलिसांना परवानगीशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं कलम २२ हे सांगतं आणि तिथेच यजमानावर इमारत राखण्याचं ‘विशेष कर्तव्य’ टाकतं. संबंध तुटले तरी ते सुटत नाही.

‘त्यांचं त्यांनी बघावं’ हे इराणलाही पचलं नाही. नोव्हेंबर १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकी दूतावासात विद्यार्थी घुसले. ५२ जण ४४४ दिवस ओलीस राहिले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सुरुवातीचा हल्ला सरकारच्या माथी मारला नाही, पण तो रोखला नाही म्हणून इराणला दोषी धरलंच.

ते ओलीस अडकलेले असतानाच, एप्रिल १९८० मध्ये, लंडनच्या इराणी दूतावासात सहा बंदूकधारी शिरले. दारावर पहाऱ्याला होता ब्रिटिश पोलीस शिपाई ट्रेव्हर लॉक. तोही ओलीस झाला. सहा दिवस त्याने कोट उतरवला नाही, कारण आत रिव्हॉल्व्हर लपवलेलं होतं. शेवटी ब्रिटिश कमांडोंनीच आत उड्या घेतल्या. दोन ओलीस दगावले, बाकीचे सुटले. इराणी दूतावासासाठी ब्रिटिशांनी जीव धोक्यात घातला, हे त्या संदेशात कुठे बसवायचं?

‘गुन्हे माफ’ हेही अर्धवटच. यजमान देश दूताला हाकलू शकतो, आणि मायदेश त्याचं खटल्यापासूनचं संरक्षण काढूनही घेऊ शकतो. १९९७ मध्ये वॉशिंग्टनमधल्या जीवघेण्या अपघातानंतर जॉर्जिया या देशाने आपल्या दूतावासातल्या अधिकाऱ्याचं ते संरक्षण काढलं. तो तिथल्याच तुरुंगात गेला.

राहिला कागद. करार मोडले जातात, हे खरंच आहे. तरी १९७३ च्या कराराने दूतावर हल्ला करणाऱ्याला सोपवा नाहीतर स्वतः खटला चालवा, अशी अट घातली. अमेरिका-इराण संबंध तुटल्यावर तेहरानमध्ये अमेरिकेचं काम स्वित्झर्लंडने अंगावर घेतलं. आणि एप्रिल २०२४ मध्ये इक्वेडोरच्या पोलिसांनी किटोमधल्या मेक्सिकोच्या दूतावासात घुसून माजी उपाध्यक्षांना उचललं, तेव्हा अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेत निषेधाच्या ठरावाविरुद्ध एकच मत पडलं. इक्वेडोरचं.