मार्कांवर बोट ठेवून पुढे जाऊ नका, चुकलेला ऑप्शन उघडून बघा

आमच्या सहावीतल्या लेकीच्या गणिताच्या ऑनलाइन टेस्टचा रिपोर्ट आला, दशांश अपूर्णांकांवर १० पैकी ८. धड्याच्या नावापुढे हिरवा गोल. मला बरं वाटलं, नवऱ्याला स्क्रीनशॉट पाठवला आणि कामाला लागले. रात्री सहज म्हणून चुकलेले दोन प्रश्न उघडले, एरवी मी ते उघडत पण नाही, आणि बघते तर दोन्ही चुका एकाच जातीच्या. ०.८ आणि ०.३५ यात मोठी संख्या कुठली, तर तिने ०.३५ निवडलेलं. ०.६ आणि ०.१२५ मध्ये ०.१२५.

तिला बोलावलं, म्हटलं हे कसं ठरवलंस गं. ती म्हणाली, "आई, पस्तीस मोठे ना आठापेक्षा." अगदी ठामपणे. ना घाई, ना निष्काळजीपणा. आपलं काही चुकलंय असं तिला वाटतच नव्हतं, उलट मीच असं काय विचारतेय असा चेहरा.

मग मी बरोबर आलेले आठही प्रश्न उघडले आणि खरी गोष्ट तिथे कळली. ०.७५ आणि ०.४ मध्ये तिने ०.७५ निवडलं, बरोबर आहे, पण का तर पंचाहत्तर चारापेक्षा मोठे म्हणून! ०.६ आणि ०.९, यात दशांश चिन्ह झाकून टाकलं तरी उत्तर तेच येतं. २.३ आणि १.९ मध्ये पॉइंटच्या आधीचा आकडाच वेगळा. असे पाच प्रश्न होते, तुलनेचेच, जिथे चुकीच्या नियमाने सुद्धा उत्तर बरोबरच येणार होतं. म्हणजे तिला दशांश समजलेत म्हणून तो गोल हिरवा झाला नव्हता, प्रश्नात आकडे तसे पडले म्हणून झाला होता. आणि मी तो स्क्रीनशॉट कौतुकाने पाठवून मोकळी.

हे फक्त माझ्या मुलीचं नाही. मेलबर्न विद्यापीठात के स्टेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दशांशांच्या तुलनेवर बरंच काम केलंय, त्यांनी संख्यांच्या जोड्याच अशा निवडल्या की मुलाने कुठे बरोबर आणि कुठे चूक केलं यावरून त्याच्या डोक्यात कुठला नियम बसलाय ते ओळखता यावं. काही मुलांच्या मते जी संख्या लांब ती मोठी. काहींच्या मते बरोबर उलट, आखूड ती मोठी, कारण दशांश हा शतांशापेक्षा मोठा भाग असतो एवढंच त्यांनी पकडलेलं असतं. या दुसऱ्या मुलांना ०.८ आणि ०.३५ दिलं तर ती पटकन ०.८ म्हणतील आणि पूर्ण मार्क घेऊन जातील! मूल चुकतं ते बहुतेक वेळा स्वतःच्या एका नियमाने चुकतं. ६२ मधून ३७ वजा करून ३५ लिहिणारं मूल बघा, त्याने ७ मधून २ काढले आणि ६ मधून ३, प्रत्येक घरात मोठ्यातून लहान. त्याला "नीट लक्ष दे" म्हणून काय उपयोग, ते लक्ष देऊनच तसं करतंय. वजाबाकीतल्या असल्या ठरलेल्या चुका कॉम्प्युटरने ओळखायच्या यावर जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ सालीच लिहून ठेवलंय.

म्हणून मी ऑनलाइन टेस्टच्या विरोधात नाही, उलट मला त्या हव्या आहेत. कागदावरच्या पेपरात बाई वर्गातल्या सगळ्या मुलांच्या प्रत्येक चुकीचा प्रकार कुठे लिहून ठेवणार, त्यांना तेवढा वेळच मिळत नाही. इथे मात्र प्रत्येक क्लिक साठवलेली असते, कुठला ऑप्शन निवडला, किती सेकंद लागले, आधी एक निवडून मग बदलला का. ऑप्शन नीट विचार करून बनवले असतील तर प्रत्येक चुकीचा ऑप्शन म्हणजे एकेक गैरसमज असतो, त्यामुळे मुलाने काय निवडलं यावरून ते कुठे अडलंय हे कळू शकतं. एवढं सगळं जमा होतं आणि आपल्याला पहिल्या स्क्रीनवर काय दिसतं, तर टक्के आणि एक रंगीत ग्राफ. आपण तो बघतो, खूश होतो नाहीतर ओरडतो, आणि ॲप बंद करतो. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या टक्क्यांवर थांबू नका.

आता त्या ग्राफबद्दल. मागच्या आठवड्यात ९०, या आठवड्यात ६०, की लगेच घरात चौकशी सुरू, अभ्यास केला नाहीस, मोबाइल जास्त बघितलास. मी पण हे केलंय आणि त्याचं मला वाईट वाटतं. जरा हिशोब करून बघा. समजा एखाद्या मुलाला धडा ७० टक्के येतोय, म्हणजे त्यावरचे शंभर प्रश्न दिले तर साधारण सत्तर बरोबर येतील. त्यातले कुठलेही १० उचलून टेस्ट घेतली तर दर सहा-सात टेस्टमागे एकदा त्याला ५ किंवा त्याहून कमी मिळतील, आणि तितक्याच वेळा ९ किंवा १०. मूल तेच, तयारी तीच, फक्त कुठले प्रश्न वाट्याला आले एवढाच फरक. वर चार ऑप्शन असले की काहीही न वाचता क्लिक करत गेलं तरी दहापैकी सरासरी अडीच बरोबर येतातच. दहा प्रश्नांच्या टेस्टमधल्या चढ-उतारावरून मुलाची प्रगती झाली की घसरण झाली हे ठरवता येत नाही, त्यासाठी बऱ्याच टेस्ट एकत्र बघायला लागतात.

अजून एक गोष्ट बऱ्याच पालकांना माहीत नसते. काही टेस्ट अशा असतात की उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो आणि चुकलं की सोपा, त्यांना अडॅप्टिव्ह म्हणतात. यातल्या बऱ्याच टेस्ट अशा बनवलेल्या असतात की हुशार मुलाचे पण साधारण निम्मेच बरोबर यावेत, कारण त्याच्या अगदी बेताच्या प्रश्नांवरूनच त्याची पातळी नेमकी कळते. तिथे "अर्धेच बरोबर?" म्हणून मुलाला बोलणं हा अन्याय आहे, तिथे किती बरोबर आले ते मोजायचंच नसतं, कुठल्या पातळीपर्यंत पोचलं ते बघायचं असतं. शाळेने टेस्ट सुरू करताना एवढं एक वाक्य पालकांना सांगितलं तरी कितीतरी घरांतली रडारड वाचेल.

वेळेचा रकाना पण बघत जा. चार ओळींचा शाब्दिक प्रश्न आणि उत्तर तीन सेकंदांत दिलेलं असेल तर मुलाने तो वाचलेलाच नाही, मग चुकला काय आणि बरोबर आला काय, त्यावरून काहीच समजत नाही. कदाचित मूल दमलं असेल, कदाचित त्या दिवसाची ती तिसरी टेस्ट असेल.

आणि ते पुन्हा पुन्हा टेस्ट देऊन १०० करणं. हे मी स्वतः करायला लावलंय, म्हणून सांगते. प्रश्न तेच, ऑप्शनचा क्रम पण तोच, तिसऱ्या वेळेला लेकीचे १०० आले आणि मी शाबासकी दिली. नंतर तिच्या बोलण्यातून कळलं की तिला "पाचव्याचं उत्तर तिसरा ऑप्शन" हे पाठ झालेलं. मुलं आपल्याला जे हवं असतं तेच देतात, आपल्याला आकडा हवा होता, तिने आकडा आणून दिला. यात तिचा काय दोष?

मार्क दाखवण्याबद्दल रूथ बटलर यांचा १९८८ चा एक अभ्यास आहे. काही मुलांना फक्त मार्क दिले, काहींना फक्त कुठे काय सुधारायचं याची टिप्पणी, आणि काहींना मार्क आणि टिप्पणी दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त टिप्पणी मिळालेल्यांची. दोन्ही मिळालेल्यांना टिप्पणीचा फायदा झालाच नाही, कारण मार्क दिसले की मूल तिथेच थांबतं. आपण मोठी माणसं तरी वेगळं काय करतो. माझी लेक सबमिट केल्या केल्या आकडा बघते आणि खालचं "उत्तरं पहा" हे बटण तिला दिसत पण नाही.

म्हणून टेस्ट बंदच करा असं कुणी म्हणालं तर ते पण मला पटत नाही. आठवायला लागणं हाच मोठा अभ्यास असतो. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, विद्यार्थ्यांना उतारा दिला, काहींनी तो परत वाचला आणि काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने विचारलं तेव्हा परत वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. तेव्हा छोट्या छोट्या टेस्ट जरूर असू देत, मध्ये दिवस जाऊ देत, मागच्या धड्यांचे प्रश्न त्यात येऊ देत. फक्त प्रत्येक वेळी त्याचा निकाल लावून मुलाच्या हातात देऊ नका.

आम्ही पुढे काय केलं ते सांगते. चौकटीच्या वहीवर दहा बाय दहाचा चौकोन आखला, शंभर घरं. तिला म्हटलं ०.३५ रंगव. तिने पस्तीस घरं रंगवली, बरोबर. शेजारी दुसरा चौकोन, आता ०.८ रंगव. तिने आठ घरं रंगवली आणि थांबली. मी काहीच बोलले नाही. मग तिने स्वतःच विचारलं, "आई, ०.८ म्हणजे दहातले आठ ना?" हो म्हटलं. ती परत चौकोनाकडे बघत बसली, मग एक उभी ओळ पूर्ण रंगवली, मग दुसरी, अशा आठ ओळी रंगवल्या, आणि म्हणाली "अगं हे तर ऐंशी झाले." वीस मिनिटं लागली असतील सगळ्याला.

वर्गशिक्षिकांना मी फक्त त्या दोन प्रश्नांचे फोटो पाठवले आणि कुठला ऑप्शन निवडला तेवढं लिहिलं. त्यांनी त्या दोन प्रश्नांवर पूर्ण वर्गाने काय काय निवडलंय ते काढून बघितलं, आणि पुढचा धडा दोन दिवस थांबवून हा भाग परत घेतला. त्या स्वतः म्हणाल्या की वर्गाची सरासरी चांगली होती म्हणून आत बघितलंच नव्हतं. मला त्यांचा फार आदर वाटला, कारण कुणा पालकाने असं विचारलं की राग येऊ शकतो, त्यांना आला नाही.

आठ दिवसांनी मी घरीच नव्या जोड्या लिहून दिल्या. ०.६ आणि ०.१२५ तिने लगेच सोडवलं. ०.४ आणि ०.४० ला अडली, बराच वेळ पेन्सिल चावत बसली, शेवटी दोन्हीला गोल केला आणि म्हणाली सारखेच वाटतात पण नक्की नाही. आज संध्याकाळी परत चौकटीची वही काढणार आहोत.