किती वर्षं नुसतं ट्रेनिंगच देत बसणार?

अपंग व्यक्तींच्या नोकरीचा विषय निघाला की बहुतेक जण लगेच म्हणतात, आधी त्यांना स्किल्स द्या, मग नोकऱ्या मिळतीलच. मला हे आता अजिबात पटत नाही. कॉम्प्युटरचा कोर्स झाला, टायपिंग झालं, इंग्लिश स्पीकिंग झालं, मग पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट, सर्टिफिकेटांची फाईल जाड होत गेली, वय वाढत गेलं अन् नोकरीचा पत्ता नाही, अशी किती तरी माणसं आहेत. आणि मुलाखतीत नकार आला की पुन्हा सल्ला काय, तर अजून एक कोर्स करा! बाकीच्यांना कोण म्हणतं हो असं? ते अर्धवट शिकून येतात, कामावर चुका करतात, साहेबाची बोलणी खातात आणि तिथेच तयार होतात.

हा क्रम उलटा करणारी पद्धत कधीपासून आहे, तिला सपोर्टेड एम्प्लॉयमेंट म्हणतात. आधी खरी नोकरी, खरा पगार, आणि शिकवायचं ते कामाच्या जागेवरच. अमेरिकेत 1980 च्या दशकात बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी ही पद्धत रुळली. जॉब कोच सुरुवातीला सोबत कामावर जातो, कामाचे छोटे टप्पे पाडून दाखवतो, सहकाऱ्यांनाही सांगतो की सूचना एकेक करून द्या, आणि जमायला लागलं की हळूहळू बाजूला होतो. पुढे 1990 च्या दशकात स्किझोफ्रेनियासारखे गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी आयपीएस (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट) नावाचं मॉडेल आलं. त्यात 'आधी पूर्ण बरे व्हा' ही अटच नाही, माणसाला काम करायचंय ना, मग शोधायला लागा. वेगवेगळ्या देशांत याच्या रीतसर चाचण्या झाल्या आणि जुन्या पद्धतीच्या तुलनेत साधारण दुप्पट लोक खुल्या बाजारात नोकरीला लागले. दुप्पट! तरी सगळा पैसा अजून ट्रेनिंगच्या वर्गांवरच.

'आधी तयारी' याचाच दुसरा प्रकार म्हणजे फक्त अपंगांसाठी चालणाऱ्या वेगळ्या कार्यशाळा. तिथे 'तयारी'साठी म्हणून आलेला माणूस आयुष्यभर तिथेच पाकिटं भरत बसतो. अमेरिकेच्या 1938 च्या कायद्यात अपंग कामगारांना किमान वेतनापेक्षा कमी पगार द्यायची सोय आहे, काही राज्यांनी ती बंद केली पण देशाच्या कायद्यात ती अजून तशीच आहे. त्यावर काय बोलणार.

कोटा हवाच, त्याबद्दल वाद नको. भारतात 2016 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान 4 टक्के, जर्मनीत 20 किंवा जास्त कामगार असतील तिथे 5 टक्के, फ्रान्समध्ये 6 टक्के. पण जर्मनी-फ्रान्समध्ये कोटा भरला नाही तर पैसे भरावे लागतात आणि बऱ्याच कंपन्या तेच करतात, पैसे भरा अन् मोकळे व्हा. शिवाय माणूस गाळला जातो तो त्याच्या आधीच. अर्जाच्या फॉर्मवर असा कॅप्चा की अंधांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला वाचताच येत नाही, टेबलावरच्या कामाला ड्रायव्हिंग लायसन्सची अट, कर्णबधिर उमेदवाराला टेलिफोनिक राऊंड (हो, खरंच ठेवतात). मग एचआरवाले म्हणणार, योग्य उमेदवारच येत नाहीत.

सोयींचा खर्च परवडत नाही हे तर मी ऐकूनच घेत नाही. बऱ्याचशा सोयींना काहीच लागत नाही. कामाची वेळ तासभर पुढेमागे करणं, सूचना तोंडी न देता लिहून देणं, गोंगाटापासून लांबची जागा, यात कसला खर्च? संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांवरच्या 2006 च्या करारात कलम 27 मध्ये या सोयी कामाच्या हक्काचाच भाग धरल्यात, उपकार म्हणून नाही.

एक गोष्ट मात्र फार कमी बोलली जाते, ती म्हणजे भत्ता. कित्येक देशांत कमाई ठराविक मर्यादेपुढे गेली की अपंगत्वाचा भत्ता कापला जातो, कुठे उपचारांची मदतही जाते. नोकरी कंत्राटी, कधी सुटेल माहीत नाही, आणि भत्ता पुन्हा सुरू करायचा तर सगळे कागद, तपासण्या पहिल्यापासून. मग घरचेच म्हणतात नको ती नोकरी, आणि मला तरी त्यात त्यांचं काही चुकतंय असं वाटत नाही. पगार वाढेल तसा भत्ता टप्प्याटप्प्याने कमी करा, आणि नोकरी सुटली तर नवा अर्ज न मागता पुढच्या महिन्यापासून परत चालू करा. त्यानंतरही कोणी कामाला आलं नाही तर मग बोलू ट्रेनिंगबद्दल.