१७-सीची प्रत हातात घेतल्याशिवाय बूथ सोडू नका

मतदान संपलं की प्रत्येक केंद्रावर केंद्राध्यक्ष एक कागद भरतात. नमुना १७-सी, भाग १. नोंदवलेल्या मतांचा हिशेब. निवडणूक संचालन नियमांतला ४९-एस हा नियम स्पष्ट आहे: त्या वेळी हजर असलेल्या प्रत्येक पोलिंग एजंटला, म्हणजे उमेदवाराच्या बूथवरच्या प्रतिनिधीला, या कागदाची खरी प्रत द्यायची आणि पोच घ्यायची. ही कुणाची मेहेरबानी नाही, तो एजंटचा हक्क आहे. पण त्यासाठी एजंट खुर्चीत बसलेला असावा लागतो. नाशिकच्या सिडको, सातपूर, पंचवटीत काय आणि इगतपुरीच्या पाड्यांवर काय, सगळ्या पक्षांची ताकद रॅलीत आणि चौकसभेत खर्च होते. बूथवर ज्याला बसवतात त्याला डबा वेळेवर पोचतो, पण संध्याकाळी नेमकं काय तपासायचं ते कुणी शिकवत नाही. मग निकाल लागल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर मशीनचे व्हिडिओ फिरतात. शंका घ्यायला माझी अजिबात हरकत नाही, लोकशाहीत ती घ्यायलाच हवी. पण शंका पुराव्यानिशी मांडायची जागा म्हणजे बूथ, आणि वेळ म्हणजे पहाटे साडेपाच ते १७-सीवर सही होईपर्यंत. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. पक्ष कोणताही असो, तुमच्या एजंटला वाचून दाखवा.

सुरुवात अभिरूप मतदानापासून, म्हणजे मशीन नीट चालतं का ते बघायला एजंटांसमोर घेतलेल्या मॉक पोलपासून. मतदान सातला असेल तर मॉक पोल साडेपाचला, म्हणजे ९० मिनिटं आधी. एजंट आले नसतील तर केंद्राध्यक्ष १५ मिनिटं थांबतात, नंतर तुमच्याविना सुरू करतात. किमान ५० मतं टाकायची, नोटासह प्रत्येक उमेदवाराला निदान एक. ही बटणं एजंटांनी स्वतः दाबावीत आणि कुणाला किती दिली ते कागदावर मांडत जावं. मग कंट्रोल युनिटवर, म्हणजे मतं साठवणाऱ्या अधिकाऱ्यांकडच्या यंत्रावर, क्लोज, रिझल्ट आणि शेवटी क्लिअर. रिझल्ट दिसला की व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे प्रत्येक मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, पेटीतल्या चिठ्ठ्या काढून उमेदवारवार मोजायच्या. तुमची मांडणी, मशीनचा आकडा आणि चिठ्ठ्या, तिन्ही जुळायला हवेत. व्हीव्हीपॅट सुरू करताना स्वतःच्या चाचणीच्या ७ चिठ्ठ्या छापतं. त्या मतांच्या नाहीत, त्या बाजूला काढा, नाहीतर ‘५७ कशा निघाल्या’ म्हणून उगाच गोंधळ होतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. क्लिअर दाबायचं राहतं किंवा चिठ्ठ्या पेटीतच राहतात. पहाटेची घाई, दारात रांग लागलेली, केंद्राध्यक्ष आदल्या दिवसापासून साहित्य सांभाळत थकलेले. म्हणून क्लिअरनंतर टोटलचं बटण दाबायला सांगा आणि शून्य डोळ्यांनी बघा. व्हीव्हीपॅटची पेटी उघडी करून रिकामी दाखवायला सांगा. काढलेल्या चिठ्ठ्यांच्या मागे मॉक पोलचा शिक्का मारून त्या काळ्या लिफाफ्यात जातात, लिफाफा प्लास्टिकच्या डब्यात जातो आणि डब्यावर गुलाबी सील लागतं. हे तुमच्यासमोर झाल्याशिवाय मॉक पोलच्या प्रमाणपत्रावर सही करू नका. कंट्रोल युनिटच्या पडद्यावरची तारीख-वेळ आणि मनगटावरचं घड्याळ यांत फरक असेल तर तोही तिथेच लिहून घ्या. मोजणीच्या दिवशी मतदान बंद झाल्याची वेळ त्याच घड्याळाप्रमाणे दिसणार असते.

मग सीलं. हिरवी कागदी पट्टी निकालाच्या कप्प्याच्या आतल्या झाकणात अशी बसवतात की रिझल्टचं बटण तिच्याखाली येतं. पट्टी फोडल्याशिवाय ते बटण दाबताच येत नाही. पट्टीवर छापील क्रमांक असतो. पांढऱ्या बाजूला, त्या क्रमांकाखाली केंद्राध्यक्ष सही करतात आणि हजर एजंटांनाही करता येते. सही कराच, आणि क्रमांक तुमच्या वहीत उतरवून घ्या. तो आकडा पुढे मोजणीच्या टेबलावर उपयोगी पडतो. नंतर स्पेशल टॅग आणि बाहेरून स्ट्रिप सील. पट्टी लावताना फाटली तर ती वापरायची नाही, पण फेकायचीही नाही. १७-सीमध्ये सीलांचा वेगळा हिशेब असतो: किती मिळाली, किती वापरली, किती परत केली, किती खराब झाली, आणि त्यांचे क्रमांक. ही बेरीज जुळली नाही तर विचारा.

दिवसभराचं काम एका वाक्यात सांगता येईल: नोंदवही आणि मशीन यांचा मेळ. दुसरे मतदान अधिकारी १७-ए नोंदवहीत मतदाराची सही घेतात आणि चिठ्ठी देतात. तिसरे अधिकारी ती चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटवरचं बॅलटचं बटण दाबतात, तेव्हाच मतदाराला एक मत देता येतं. केंद्राध्यक्ष दर दोन तासांनी वर आकडा कळवतातच, तेव्हाच टोटल दाबून नोंदवहीतल्या शेवटच्या अनुक्रमांकाशी ताडून बघायला सांगा. फरक सकाळी ११ वाजता सापडला तर कारण सापडतं. संध्याकाळी सहाला सापडला तर फक्त वाद होतो.

फरक का पडतो? बहुतेक वेळा कारण साधं असतं. नोंदवहीचं पान उलटताना एखादा अनुक्रमांक दोनदा पडतो किंवा गळतो. कुणी सही करून मत न देताच निघून जातो आणि शेरा मारायचा राहतो. आणखी एक नेहमीची चूक प्रदत्त मताची. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल आणि तुम्ही खरे मतदार असाल तर तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते आणि नोंद १७-बी मध्ये होते. ती चुकून १७-एमध्ये गेली की नोंदवही मशीनपेक्षा एकने पुढे जाते.

१७-सीतलं गणित आता उदाहरणाने बघा. नोंदवहीत एकूण ८१२. दोघांनी सही करून मत द्यायला नकार दिला, म्हणजे ४९-ओ. एकाने गुप्तता मोडली म्हणून त्याला मत देऊ दिलं नाही, म्हणजे ४९-एम. मशीनवर ८०९ दिसायला हवेत. चाचणी मताचं मात्र वेगळं आहे. व्हीव्हीपॅटने चुकीची चिठ्ठी दाखवली अशी कुणी तक्रार केली तर ४९-एमए प्रमाणे लेखी घोषणा घेऊन, नोंदवहीत त्याच मतदाराची दुसरी नोंद करून चाचणी मत घेतात. तक्रार खोटी ठरली तर ते मत नोंदवहीतही आहे आणि मशीनमध्येही, म्हणून ८१२ उणे ३ या वजाबाकीत ते धरायचं नाही. ते मत कोणत्या उमेदवाराला गेलं हे १७-सीच्या पाचव्या बाबीत लिहितात आणि मोजणीच्या वेळी त्या उमेदवाराच्या मतांतून वजा करतात. एजंट इथेच चुकतात आणि भलत्याच आकड्यावर भांडतात.

मध्येच मशीन बिघडलं तर काय? फक्त व्हीव्हीपॅट गेलं तर फक्त तेच बदलतात, मॉक पोल होत नाही. कंट्रोल युनिट किंवा बॅलट युनिट (मतदार ज्यावर बटण दाबतो ते) गेलं तर पूर्ण संच बदलतो आणि नोटासह प्रत्येकाला एकेक मत टाकून पुन्हा मॉक पोल होतो. तो झाला की पुन्हा क्लिअर. आणि आधीच्या मशीनमधली मतं मोजायची आहेत, हे लक्षात ठेवा. त्या केंद्राची दोन कंट्रोल युनिटं मोजणीला येणार.

सहा वाजता रांगेत जे उभे आहेत त्या सगळ्यांना मत देता येतं. केंद्राध्यक्ष सही केलेल्या चिठ्ठ्या रांगेच्या शेपटापासून वाटायला सुरुवात करतात, म्हणजे मागून कुणी घुसत नाही. अंबड-सातपूर एमआयडीसीतली पाळी सुटल्यावर लोक येतात, त्या केंद्रांवर ही रांग मोठी असू शकते. २०२४ च्या विधानसभेला संध्याकाळी ५ चा राज्याचा आकडा ५८.२२ टक्के होता आणि अंतिम ६६.०५. यावर फार रण माजलं. पाचचा आकडा तेव्हा फोनवरून गोळा केलेला होता, तो अंदाज होता आणि त्यानंतर तासभर मतदान चालू होतं. कायद्याने धरायचा आकडा १७-सीतला. ज्याच्याकडे प्रत आहे तो आपल्या बूथपुरतं ठामपणे बोलू शकतो, बाकी सगळे अंदाज बांधतात. म्हणून या प्रती स्कॅन करून सगळ्यांना दिसतील अशा ठेवाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. निवडणूक आयोगाने न्यायालयात याला विरोध केला, आणि २४ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक चालू असताना अंतरिम आदेश द्यायला नकार दिला. प्रती अशा खुल्या होत नाहीत तोवर आपला उपाय एकच, प्रत्येक बूथची प्रत आपण स्वतः गोळा करायची.

शेवटचं मत पडलं की क्लोज. बटण दाबलं जातंय का, पडद्यावर एकूण किती दिसतंय आणि वेळ काय, हे लिहा. बिझीचा दिवा लागलेला असेल, म्हणजे कुणी बॅलट घेऊन मत दिलेलंच नसेल, तर क्लोज चालत नाही. अशा वेळी केंद्राध्यक्ष युनिट बंद करून जोडणी काढतात आणि पुन्हा सुरू करतात. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण समोर उभं राहून बघा. मग १७-सी वाचा: कंट्रोल युनिट, बॅलट युनिट, व्हीव्हीपॅट यांचे क्रमांक, एकूण मतं, सीलांचे क्रमांक, केंद्राध्यक्षांची सही. अंक शाईने आणि सुटे लिहिलेत ना? १ आणि ७ वाचताना फसगत होते.

मोजणीच्या दिवशी या प्रतींशिवाय टेबलावर बसणं म्हणजे नुसतं आकडे उतरवून घेणं. लोकसभेला २०२४ मध्ये नाशिक आणि दिंडोरी दोन्हींची मोजणी अंबडच्या वखार महामंडळाच्या गोदामात झाली. सकाळी ८ ला टपाली मतं सुरू होतात, साडेआठला मशीन. एका मतदारसंघाला साधारण १४ टेबलं. तुमचा माणूस ५ व्या टेबलावर असेल तर पहिल्या फेरीत केंद्र ५, दुसरीत १९, तिसरीत ३३, चौथीत ४७. प्रती याच क्रमाने आदल्या रात्री लावून ठेवा. मधे सहायक केंद्र (मतदार जास्त म्हणून काढलेलं जोडकेंद्र) आलं की क्रम एकने सरकतो, तेव्हा केंद्रांची यादी सोबत हवी. टेबलावर कंट्रोल युनिट आणि १७-सी येतात. युनिटचा क्रमांक, हिरव्या पट्टीचा क्रमांक आणि एकूण मतं, या तीन गोष्टी रिझल्टचं बटण दाबण्याआधी ताडायच्या. जाळीपलीकडून पडदा दिसत नसेल तर मतमोजणी सहायकांना तो वळवून धरायला सांगा. नंतर उमेदवारवार आकडे १७-सीच्या भाग २ मध्ये भरतात, त्यावर सही करण्याआधी बेरीज करून बघा.

क्लोज दाबायचं राहिलेलं युनिट निकाल दाखवत नाही. एकूण मतं १७-सीशी जुळत असतील तर तिथेच क्लोज दाबून निकाल घेता येतो. एकूण जुळत नसेल किंवा मॉक पोलची मतं क्लिअर झालेली नसतील तर ते युनिट बाजूला ठेवतात. बाकी सगळी मोजणी झाल्यावर आघाडी बघतात. अशा केंद्रांवरच्या एकूण मतांपेक्षा आघाडी जास्त असेल तर प्रश्न मिटतो. आघाडी तेवढीच किंवा कमी असेल तर त्या केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात. हे कागदावरचं वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यात बघा. मालेगाव मध्यचा २०२४ चा निकाल १६२ मतांनी लागला. अशा लढतीत ७०० मतांचं एक केंद्र बाजूला पडलं तरी आमदार त्या चिठ्ठ्यांवर ठरेल. तेव्हा पहाटे एकाने ‘टोटल दाबा, शून्य दाखवा’ म्हणण्याची किंमत किती, ते कळतं.

महापालिकेला तर व्हीव्हीपॅटच नसतं. राज्य निवडणूक आयोगाची यंत्रं वेगळी, प्रभागात एकाच मतदाराची अनेक मतं. तिथे केंद्रावरचा हिशेब हाच तुमच्या हातातला आधार, म्हणून तिथे एजंट आणखी पक्का हवा.

आता व्हीव्हीपॅटची पडताळणी. ८ एप्रिल २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली ५ केंद्रं चिठ्ठी टाकून निवडतात आणि त्यांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मशीनच्या आकड्याशी ताडतात. सगळ्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजण्याची मागणी न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली. ३०० केंद्रं धरली तर ५ म्हणजे दोन टक्केही नाहीत. मला हा आकडा वाढायला हवा असं वाटतं. पण आहेत त्या ५ कडे तरी कोण लक्ष देतं? ही मोजणी शेवटच्या फेरीनंतर होते. तोवर विजयी उमेदवाराचा गुलाल उधळला जात असतो आणि हरलेल्याचे प्रतिनिधी घरी गेलेले असतात. केंद्रांच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या टाकताना सगळे क्रमांक डब्यात गेले का हे बघणारा माणूस हवा. जाळीच्या बंदिस्त कप्प्यात चिठ्ठ्या उमेदवारवार खणांत लावतात, २५-२५ चे गठ्ठे बांधतात. एका केंद्राला साधारण तास लागतो. चिठ्ठ्या आणि मशीन यांत फरक आला तर चिठ्ठ्यांचा आकडा धरतात, हे नियम ५६-डीतच आहे. तेव्हा प्रत्येक उमेदवाराने दोन माणसं फक्त या कामासाठी ठेवावीत. ती सकाळपासून नकोत, दुपारी ताजी येऊ देत, जेवून येऊ देत, आणि पाचव्या केंद्राच्या तक्त्यावर सही होईपर्यंत तिथून हलू नयेत.