मस्त हाय ना काका!

आपला फोटो कसा आला, हे नागपुरात कळणं कठीण. लोक फार प्रेमळ. मारबतीचा, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या भल्यामोठ्या पुतळ्याचा, फोटो दाखवला की पुतण्या दोन सेकंद बघतो, ‘मस्त हाय ना काका!’ म्हणतो आणि अंगठ्याने पुढे सरकवतो. मावससासरे ‘कॅमेरा केवढ्याचा?’ विचारतात. मावशी फोटो चिमटीत मोठा करते, पण ते गर्दीत ओळखीचं कोणी दिसतं का बघायला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सारं गाव ‘इडा-पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणतं, तेव्हा मी हळूच ‘आणि हे मस्तही ने’ एवढं जोडतो.

जाणकार भेटलाच तर तो म्हणतो, ‘हलला.’ अहो, पण कोण? सगळीच चौकट एका बाजूला ओढल्यासारखी असेल तर हात हलला. घरं स्वच्छ आणि नाचणाराच पुसट असेल तर तो हलला. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं तर तो हलणारच, १/५०० लावा. मारबत धूसर आणि मागच्या दुकानाची पाटी खणखणीत वाचता येत असेल, तर कोणीच हललं नाही, फोकस पाटीवर बसला. रोग तीन, औषधं तीन, आणि वैद्यबुवा सगळ्यांना एकच पुडी देतात.

‘काळी मारबत राखाडी आली’ ही तक्रार मात्र लाखाची. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर जगाला मधल्या करड्या रंगाचं धरून चालतं. काळं दिसलं की उजळतं, पांढरं दिसलं की मळवतं. म्हणून चौकट काळ्या मारबतीने भरली तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सोय, उणे १, दीक्षाभूमीच्या पांढऱ्या घुमटाने भरली तर अधिक १, आणि तिथून पुढे नजरेने.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून. एरवी तो दाबून लहान होतो आणि समोरचा त्या दाबलेल्या फोटोवर मत देतो. त्यापेक्षा ४ बाय ६ इंची १२ प्रिंट टेबलावर मांडाव्यात. ‘कसे वाटले?’ विचारू नये. ‘यातले चार काढून टाका’ म्हणावं. स्तुती करताना भिडस्त असलेला माणूस फेकताना निर्दय होतो. उरलेल्यांवर एकच प्रश्न: नजर आधी कुठे गेली? उत्तर येईपर्यंत आपण गप्प. हे सर्वांत अवघड, कारण ‘तिथं पाय ठेवायला जागा नव्हती हो’ हे वाक्य जिभेवर तयार असतं. फोटोत ती दाटी उतरली नसेल, तर आपल्या तुडवल्या गेलेल्या पायाचं त्याला काय!

माझी सगळी भिस्त शिंप्यावर. दिवसभर सरळ रेषेशी झुंजणारा माणूस. तो प्रिंट हातभर लांब धरतो. ‘तुमच्या फुटाळा तलावाचं पाणी डावीकडं सांडून राहिलं’ हे लगेच. मग इतवारीतला फोटो उचलतो, चष्मा कपाळावर सारतो. बराच वेळ काही बोलत नाही.

‘भाऊ, ह्या पोराच्या डोक्यातून विजेचा खांब काहून निघाला?’