नवी रॅम लावली, डिस्प्ले येईना: खोडरबर जरा बाजूला ठेवा

डेस्कटॉपची रॅम वाढवल्यावर डिस्प्ले आला नाही की जो तो एकच सल्ला देतो. शब्द बदलतात, गाभा तोच राहतो: डीडीआरचा (म्हणजे रॅमच्या पिढीचा) आकडा जुळला की कुठलीही रॅम चालते, रिकामा स्लॉट दिसेल तिथे बसवा, डिस्प्ले नाही आला तर स्टिकच्या, म्हणजे रॅमच्या पट्टीच्या, सोनेरी पिना खोडरबराने घासा, तरीही नाही आला तर रॅम खराब समजा, आणि विंडोज सुरू झालं की काम झालं. या पाचही गोष्टींत थोडं थोडं तथ्य आहे, म्हणूनच हा सल्ला इतकी वर्षं टिकला. पण त्याच्यापायी धडधाकट स्टिक परत पाठवल्या जातात आणि खरोखर सदोष असलेल्या महिनोन्‌महिने मशीनमध्ये राहून फायलींची नासाडी करतात. मला हे दुसरं नुकसान जास्त खुपतं.

आधी खोडरबर, कारण लोकांचा सगळ्यात जास्त विश्वास त्यावर आहे. घासल्यावर मशीन सुरू होतं हे खरं. पण घासण्यासाठी तुम्ही स्टिक काढली आणि घासून झाल्यावर ती पुन्हा दाबून बसवली, त्याचं काय? स्लॉटच्या आतल्या पिना स्प्रिंगसारख्या असतात. स्टिक आत सरकताना त्या तिच्या पिनांवर घासत जातात आणि संपर्क तिथेच साफ होतो. म्हणजे गुण आला तो बहुतेक वेळा काढून पुन्हा लावण्यामुळे, आणि श्रेय मिळालं खोडरबराला. खात्री करायची असेल तर न घासता नुसती काढून परत लावून बघा.

शिवाय पिनांवरचा सोन्याचा थर अतिशय पातळ असतो, साधारण मायक्रॉनच्या हिशेबात मोजावा असा. सोनं हवेने काळं पडत नाही, त्यामुळे पाकिटातून नुकत्याच निघालेल्या स्टिकवर घासून काढण्यासारखं काहीच नसतं. उलट खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. जुन्या मशीनमधल्या स्टिकवर खरंच तेलकट थर असेल तर तंतू न सुटणाऱ्या कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या. काहीही करण्याआधी मशीन बंद करून वायर काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा. बटणाने बंद केलेल्या मशीनमध्येही वायर लागलेली असेल तर मदरबोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालूच असतो, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

बसवताना नेमकं काय चुकतं तेही सांगतो. बऱ्याच बोर्डांवर लॉक स्लॉटच्या एकाच टोकाला असतं. त्या टोकाला खट्‌ असा आवाज आला की आपण हात काढतो आणि दुसरं टोक केसभर वर राहून जातं. डीडीआर४च्या स्टिकची खालची कड सरळ नसून मध्ये किंचित फुगीर असते, म्हणून ती आधी मध्यभागी आत जाते आणि वरून पाहिलं तर पूर्ण बसल्यासारखी दिसते. बाजूने टॉर्च मारून पाहा. एका टोकाला सोनेरी रेघ जास्त दिसत असेल तर तिथे अंगठ्याने सरळ खाली दाबा.

आता ‘डिस्प्ले नाही, म्हणजे रॅम खराब’. नवी रॅम ओळखल्यावर बोर्ड आधी तिच्याशी सिग्नलची वेळ जुळवून घेतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर५वर पहिल्यांदा यात कित्येक मिनिटं जाऊ शकतात. तेवढा वेळ स्क्रीन काळी राहते, आणि मधे मशीन आपोआप एकदोनदा रीस्टार्टही होऊ शकतं. नेमकं याच वेळी घाबरून लोक स्विच बंद करतात, आणि पुढच्या वेळी तेच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पहिल्यांदा चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं मशीनला हात लावू नका.

त्यानंतरही काही झालं नाही तर सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बोर्डात साठवलेली सेटिंग पुसा. मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत त्याचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) दाखवलेला असतो. नसेल तर वायर काढून नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटं बाहेर ठेवा. जुन्या रॅमसाठी ठरवलेलं सेटिंग नव्या रॅमवर लादलं जात असेल तर ते इथे पुसलं जातं.

मग एका वेळी एकच स्टिक. पुस्तिकेत एकट्या स्टिकसाठी जो स्लॉट सांगितला आहे तिथे आधी फक्त जुनी लावून बघा, मग फक्त नवी. दोन्ही एकेकट्या चालत असतील तर दोन्ही बहुधा चांगल्या आहेत आणि भांडण त्यांच्या जोडीत आहे. जुनीही चालेना झाली तर नवीवर आळ घेण्यात अर्थच नाही. बोर्डावरचा ‘डीरॅम’ लिहिलेला दिवा लागला तरी त्यावरून इतकंच कळतं की सुरुवात मेमरीच्या टप्प्यावर अडली. रॅम हाताळणारा मेमरी कंट्रोलर आता प्रोसेसरच्या आतच असतो, त्यामुळे प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिनसुद्धा तोच दिवा लावू शकते.

‘डीडीआरचा आकडा जुळला की झालं’ हे अर्धसत्य आहे. आकडा जुळावाच लागतो. डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्हींना २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एक दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. पण डीडीआर४मध्ये सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम साध्या डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये अगदी व्यवस्थित बसते, फक्त मशीन सुरू होत नाही. वापरलेली आणि संशयास्पद स्वस्त रॅम घेताना लेबलवर ‘आरडीआयएमएम’ (म्हणजे रजिस्टर्ड) आहे का, ते आधी वाचा. जुन्या डीडीआर३ मशीनवाल्यांनी आणखी जपावं, कारण त्यात फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालणाऱ्या स्टिक विकल्या जातात आणि इंटेलच्या बोर्डावर त्या चालत नाहीत. म्हणून बोर्डच्या कंपनीची चाललेल्या रॅमची यादी बघावी आणि बायोसचा (बोर्डावरच्या, मशीन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरचा) अपडेट आधी, जुन्या रॅमवर करून घ्यावा.

‘कुठलाही रिकामा स्लॉट’ चालत नाही. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर दोन स्टिक प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात, म्हणजे ए२ आणि बी२. शेजारीशेजारी लावल्या तर अनेकदा दोन्ही एकाच चॅनलवर (प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर) जातात आणि बँडविड्थ, म्हणजे डेटा ने-आण करण्याची क्षमता, निम्मी होते. चारही स्लॉट भरले की वेग कमी करावा लागू शकतो. रायझन ७००० प्रोसेसरसाठी एएमडीने दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना ३६०० एवढाच अधिकृत वेग दिला आहे. म्हणून जुन्या दोनांत नव्या दोन घालण्यापेक्षा मोठ्या दोनांचा एकच संच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ३२००ची रॅम २१३३ किंवा २४००वर चालताना दिसली तर ती फसवणूक नव्हे, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा जाहीर वेग लागू करणारं सेटिंग) चालू करायचं राहिलं आहे. मशीनची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये १६०० दिसत असेल तर तेही बरोबर, कारण तिथे मूळ घड्याळ दाखवतात आणि डीडीआर त्याच्या दुप्पट मोजली जाते.

शेवटचा दावा सगळ्यात घातक: विंडोज सुरू झालं, म्हणजे रॅम चांगली. सदोष रॅममध्ये बिघाड एखाद्या कोपऱ्यात असतो आणि त्या पत्त्यावर काही लिहिलं जाईपर्यंत सगळं सुरळीत दिसतं. मग झिप फाइल उघडत नाही, ब्राउझरचे टॅब बंद पडतात, निळी स्क्रीन येते आणि दर वेळी कोड वेगळा. बहुतेक डेस्कटॉपमध्ये अशी चूक पकडणारी ईसीसी मेमरी नसते. फोटो नव्या डिस्कवर कॉपी होतो, त्याचा आकारही तंतोतंत जुळतो, आणि उघडल्यावर खालचा अर्धा भाग राखाडी निघतो. तोवर मूळ प्रत बऱ्याचदा पुसून झालेली असते.

म्हणून नवी रॅम लावल्यावर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा, आणि महत्त्वाच्या फायली त्यानंतरच हलवा. एकही चूक चालणार नाही, अगदी एकही. चूक निघाली तर एक्सएमपी बंद करून पुन्हा चालवा. आता शून्य आल्या तर अडचण वेगाची आहे, आणि एक पायरी कमी वेगावर तीच रॅम बिनबोभाट चालू शकते. एक्सएमपी बंद असतानाही येत असतील तर एकेक स्टिक, चांगल्या ठरलेल्या एकाच स्लॉटमध्ये तपासा. तिथेही ठरावीक एकच स्टिक चुका देत असेल तर ती खराब आहे, आता बेधडक परत करा. संच म्हणून घेतली असेल तर दोन्ही स्टिक एकत्र पाठवा.