दुधाचेच तर दात आहेत!

अभिनंदन! सहा महिन्यांच्या बाळाच्या हिरडीतून पांढरा ठिपका डोकावला. फोटो काढा, कुटुंबाच्या ग्रुपवर टाका, आत्या-मावश्यांचे बदाम मोजा. दाताचं कौतुक इथवरच. पुढची काही वर्षं त्याच्याकडे ढुंकूनही बघू नका. कारण तो दुधाचा. पडणारच आहे, तर घासायचा कशाला? (पाय वाढणारच आहेत म्हणून पोराला चपला न घेणारा बाप मी अजून पाहिलेला नाही, पण ते असो.)

रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊनच झोपवा. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे ते दूध वरच्या पुढच्या दातांभोवती छान साचून राहतं. तोंडातले जंतू मग रात्रपाळीला बसतात आणि साखरेचं आम्ल करतात. आधी हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ येते, मग पिवळट, मग तपकिरी, मग काळं. खालचे पुढचे दात जिभेच्या आडोशाला असल्यामुळे बहुधा वाचतात. पाहुण्यांना तेवढे दाखवावेत.

कुणी खोचकपणे विचारलंच, तर म्हणा, 'आमच्या घराण्यात सगळ्यांचेच दात असे.' किंवा, 'तान्हेपणी औषधं फार झाली हो.' बाटलीचं नाव काढू नका. ती आजीच्या हातात असते आणि तुम्हाला त्याच घरात राहायचंय. आजी रिंगणीच्या बियांची धुरी सुचवतील. धुरीने दातातले किडे टपाटप खाली पडतात, हे त्यांनी स्वतः पाहिलंय. दाताच्या किडीत किडाच नसतो, हे त्यांना सांगायला जाऊ नका.

पेस्ट मात्र जाहिरातीसारखी ब्रशभर, नागमोडी. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि नंतर सहाव्या वर्षापर्यंत वाटाण्याएवढी पुरते म्हणतात, पण आपल्याला काय कमी आहे? आणि ब्रश त्याच्या हातात देऊन मोकळे व्हा. ज्याला अजून शर्टाची बटणं लावता येत नाहीत, तो मागच्या दाढा बरोबर घासेल. नाहीतर सात-आठ वर्षांचा होईपर्यंत रोज रात्री तुम्हालाच घासून द्यावे लागतील, आणि त्या वेळी तुमची मालिका असते.

दातांच्या डॉक्टरांचा उपयोग एकच, धाक दाखवायला. 'जेवला नाहीस तर दातवाले काका सुई टोचतील!' हे इतक्या वेळा सांगा की पहिल्या भेटीत पोरगं त्यांचं बोट चावेल. ही पहिली भेट अर्थात गाल सुजल्यावर, रविवारी रात्री. पहिल्या वाढदिवसाआधी दात दाखवून घ्यायचे असतात म्हणे! वाढदिवसाला केक आणायचा की डॉक्टर?

डॉक्टर दुधाच्या दाढेला रूट कॅनॉल सांगतील. तुम्ही ताडकन उठा. 'पडणाऱ्या दाताला? लुटायला बसलेत!' ती दाढ दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत टिकायची असते, खालून येणाऱ्या दाताची जागा धरून ठेवते, वगैरे ते सांगत बसतील. तोवर लिफ्ट गाठा. पुढे दात वेडेवाकडे आले की तारा लावूच, त्याच्या लाखभराच्या खर्चाची तुम्हाला हौस आहे.

सहाव्या वर्षी एक गंमत होते. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ गुपचूप उगवते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागत नाही. ती कायमची असते. तुम्ही तिलाही दुधाची समजा आणि शाळेच्या डब्यात क्रीमची बिस्किटं चालू ठेवा. नवव्या वर्षी ती काढावी लागली, की डॉक्टरांकडून कापसात गुंडाळून मागून घ्या. पूर्वी दात कौलावर टाकून उंदीरमामाकडे नवा मागायचे. तुमच्या सोसायटीला कौलं नाहीत, गच्चीवर टाका. उंदीरमामाकडे त्या जागेचा दुसरा दात नाही, पण पोराला एवढ्यात सांगू नका.