चतुर, ससाणा आणि 'घरात बसून लिहिलेलं'

भाऊ, चतुर (ड्रॅगनफ्लाय) आणि ससाणा शिकार कशी करतात यावरच्या माझ्या पोस्टखालची तुमची कॉमेंट वाचली, दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की ससाणा ताशी ३०० किमीने झेपावतो, चतुर डास खातो, तुलनाच चुकीची. चतुराचं शिकारीतलं ९५ टक्के यश जाळीत कोंडून मोजलेलंय. आणि "हे घरात बसून यूट्यूब पाहून लिहिलेलं दिसतंय".

त्या पोस्टच्या शीर्षकात चतुराला 'ससाण्याचा बाप' म्हटलं ते जरा जास्त झालं, चला मान्य. पण घरात बसून?

अहो, माझं लहानपण रावेर तालुक्यात केळीच्या बागेत गेलंय. वडील पाणी द्यायचे आणि मी पाटाच्या काठी चतुर बघत बसायचो, काडीवर बसल्या बसल्या डोकं वळवून वर बघणार, चिलट गेलं की हा उडालाच आणि खालून येऊन पायांच्या टोपलीत धरलंच. हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला हिवाळ्यात बहिरी ससाणा बदकांवर पडताना पाहिलाय, आणि रिकामा परत जाताना त्याहून जास्त वेळा. तुम्ही काय पाहिलंय ते लिहिलं नाही. नावही नाही, डीपीला वाघ. आमच्याकडे पटलं नाही तर तोंडावर सांगतात, पण आधी बस म्हणतात, चहा विचारतात.

आणि स्पीडची तुलना मी केलीच कुठे? भक्ष्य आत्ता जिथे आहे तिथे न जाता ते जिथे पोचणार तिथे आधीच जायचं, हे दोघंही करतात, एवढंच लिहिलं होतं. ऑक्सफर्डच्या लोकांनी बहिरी ससाण्यांवर कॅमेरे बसवून पाहिलं, २०१७ मध्ये छापून आलं, की मिसाइल ज्या नियमाने वळतं तसाच हा वळतो. चतुर तर भक्ष्याला एकाच कोनात धरून ठेवतो, तेही एवढ्याशा मेंदूत, चारही पंख वेगवेगळे हलवत. यात डास की कबूतर याने काय फरक पडतो ते तुम्हीच सांगा.

"दोघांचा संबंध काय" म्हणे! अमूर ससाणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँडला थांबतात आणि पुढे अरबी समुद्रावरून आफ्रिकेला जातात, त्याच सुमारास चतुरांचे थवेही त्याच वाऱ्यावर तिकडेच निघतात, आणि ससाणे वाटेत त्यांनाच खात जात असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मग चतुर हरला म्हणाल. म्हणा.

जाळीचं म्हणाल तर शास्त्रज्ञांनी काय बांधावर खुर्ची टाकून मोजत बसायचं का? ते नंतर कधीतरी बघू, आता लाइट आलीय, मोटर चालू करायला जायचंय.